अण्णांचा हिरवा रंग

"हे काय आहे, ओळखा बघू."

रविवारची दुपार होती. दार उघडलं तर समोर खालच्या मजल्यावरचे अण्णा मगदूम. एका हातात आमटीची वाटी, दुसऱ्या हातात चमचा. आमटीच्या मधोमध लिंबाएवढं काहीतरी करडं, खडबडीत बसलं होतं.

"प्लॅस्टर?" मी म्हणाले.

"प्लॅस्टर न्हवं. तुमचं बाथरूम. माझ्या आमटीत तुमचं बाथरूम पडलंय, बाई!"

त्यांनी तो तुकडा चमच्यानं उचलून माझ्या उंबऱ्यावर ठेवला, आमटीची वाटी तशीच धरली आणि जिना उतरून गेले. आमटीचा वास दारात बराच वेळ राहिला.

ही गोष्ट इचलकरंजीची. मी तिथल्या मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला मालवणहून आले होते आणि अनुपम अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. भिंतींना बाहेरून शेवाळाचे ओघळ आणि जिन्यात कायम ओल्या चुन्याचा वास. पण मला ती आवडायची. एकट्या बाईला घर द्यायला त्या गावात कुणी तयार नव्हतं. "एकट्याच? लग्न? का नाही केलं?" या तीन प्रश्नांपुढे कुठलाच घरमालक जात नसे. बेळगावला राहणाऱ्या हेरवाडेंनी यातलं काहीच विचारलं नाही आणि किल्ली दिली.

माझ्या खाली अण्णा आणि त्यांच्या बायको पद्माक्का. अण्णांची सगळी नोकरी कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेली होती. शेवटी ते तिथले रंगमास्तर होते. निवृत्त होऊनही त्यांच्या नखांच्या कडांना निळसर रेघ तशीच होती. आवाज कारखान्यातल्या यंत्रांच्या वर चढवायची सवय लागलेला, त्यामुळे ते साधं "चहा टाक" म्हणाले तरी मला वर ऐकू यायचं.

आणि त्यांच्याही खाली, तळमजल्यावर, म्हेत्रेमावशी. एकट्याच राहायच्या. साड्यांना फॉल लावायच्या, पिको करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, दोरीवर रंगीत साड्या, आणि दारात कायम कुणीतरी बसलेलं. त्यांचा आवाज मात्र असा की समोर बसूनही कान द्यावा लागे.

आमटीच्या त्या दुपारनंतर अण्णांनी मला सोडलं नाही. जिन्यात भेटले की वर बोट करायचे. "वाढलंय. काल बशीएवढं होतं, आज ताटाएवढं झालंय." मी दोन वेळा खाली जाऊन बघून आले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला, बाथरूमच्या बाजूनं, ओलीचा मोठा पिवळा डाग पसरला होता आणि मधूनमधून रंगाचे पोपडे लोंबत होते. पद्माक्कांनी गॅसवर छत्री बांधली होती. चेष्टेनं म्हणत नाही, खरोखरची काळी छत्री, उलटी टांगलेली. "पोळ्या करताना वर बघायला लागू नये म्हणून," त्या हसून म्हणाल्या.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी बेळगावला फोन केला.

मग मला हेरवाडेंचा फोन आला. "मॅडम, मी काही तिथं येऊन बघू शकत नाही. शेजाऱ्यांशी मिटवा. नाही जमलं तर दुसरं घर बघा. मला कटकट नको आहे."

मी फोन ठेवला आणि कपाटावरची ट्रंक खाली काढली.

माझं हे असंच होतं. भांडण मला कधी जमलंच नाही. कुणी आवाज चढवला की मी काय करायचे तर सामान बांधायचे. सावंतवाडीचं घर नळावरच्या वादामुळे सोडलं होतं, कोल्हापूरचं घरमालकिणीच्या सासूमुळे. बायका म्हणायच्या, बाई किती शांत. शांत कसली, पळपुटी.

मावशींकडे माझ्या दोन साड्या होत्या. त्या आणायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मशीन थांबवलं.

"कुठं निघालात?"

"घर बघते दुसरं. अण्णांचं काही चुकत नाही. आमटीत प्लॅस्टर पडलं तर कुणीही चिडेल."

"जाऊ नका," मावशी हळूच म्हणाल्या. मग थोड्या थांबून, "अण्णा तोंडानं फटकळ आहेत, पण मनात ठेवत नाहीत काही. आणि वरचं घर रिकामं झालेलं मला नाही बघवत."

त्या असं का म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही. पण कुणीतरी जाऊ नका म्हणालं, हे मला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. साड्या तिथंच ठेवल्या आणि वर निघाले. अण्णांचं दार उघडंच होतं.

"अण्णा, पाणी माझ्याच बाथरूमचं कशावरून?" मी उंबऱ्यावरूनच विचारलं. "शेजारच्या फ्लॅटचं असेल. पाइपचं असेल. भिंतीतून येत असेल."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं, पण त्यांचे डोळे एकदम चमकले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्या धंद्यातलं विचारल्यासारखे.

"कशावरून? रंगावरून! रंग टाकू तुमच्या बाथरूमात. पाण्याला काय, नाव नसतंय. रंगाला असतंय. माझ्या छतातून तुमचा रंग खाली आला की झालं."

"मग तुमच्याही बाथरूममध्ये टाका," मी म्हणाले. हे का म्हणाले, देव जाणे. बहुतेक फक्त मागं न हटण्यासाठी. "तुमची फरशी माझ्यापेक्षा जास्त फुटली आहे. मी बघितली आहे."

"माझी? माझ्यातून कुणाकडं गळणार? मावशींनी कधी तक्रार केलीया काय?"

"बरोबर बोलतीया बाई," आतून पद्माक्का म्हणाल्या. "दोन्हीकडं टाका. सारखा न्याय."

अण्णा दोन दिवसांनी जुन्या कारखान्यातून रंगाच्या दोन पुड्या घेऊन आले. मला गुलाबी, स्वतःला हिरवा. "हा हिरवा मी स्वतः बसवलेला," ते पुडी उन्हात धरून म्हणाले. "मिठाचं प्रमाण थोडं इकडंतिकडं झालं की काळपट पडतोय. माझा कधी पडला नाही."

शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. दोन्ही बाथरूमच्या नहाणीच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, तोंडात फडक्याचे बोळे कोंबले, घोट्याएवढं पाणी साठवलं आणि त्यात रंग सोडला. माझं बाथरूम गुलाबाच्या सरबतासारखं दिसायला लागलं. अण्णांचं तळ्यासारखं. मग आम्ही सगळे अण्णांच्या स्वयंपाकघरात जमलो आणि माना वर करून छताकडे बघत बसलो. शेजारपाजारचे चार लोकही आले. पद्माक्कांनी छत्री उतरवली, चहा झाला, चिवडा झाला, पुन्हा चहा झाला. छत पिवळं ते पिवळंच.

"येईल," अण्णा म्हणाले. "स्लॅब जुना आहे. पाण्याला वाट शोधायला वेळ लागतोय."

"की माझं नाहीच ते पाणी?" मी म्हणाले. मला धीर यायला लागला होता.

मान अवघडली म्हणून मी उठले आणि त्यांच्या मागच्या गॅलरीत गेले. गॅलरीखाली तळमजल्याचं परसू. तिथं मावशींची केळ होती, चांगली दांडगी, इमारतीतल्या सगळ्यांना घड पुरवणारी. आणि त्या केळीच्या बुंध्याशी पाण्याचा एक ओघळ वाहत होता.

हिरवागार.

त्याच्यामागं मावशी, पदर खोचलेल्या, हातात खराटा, तो ओघळ घाईघाईनं मातीत जिरवत होत्या. त्यांनी वर बघितलं. आमची नजरानजर झाली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि नेमके तेव्हाच अण्णा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

मी त्यांना इतकं गप्प कधी बघितलं नव्हतं. ते जिना उतरले, आम्ही सगळे त्यांच्यामागं. मावशी मागच्या दारात आडव्या उभ्या होत्या.

"काही नाही हो. भांडी विसळत होते. निळीचा डबा सांडला."

"मावशी," अण्णा म्हणाले, "हा माझा हिरवा आहे."

मावशी बाजूला झाल्या.

मी त्या घरात कितीदा गेले असेन, पण मशीनच्या खोलीपलीकडे कधी नाही. कुणीच गेलं नव्हतं. आत गेलो तर मोरीच्या वर, छताच्या खाली, एक भलंमोठं प्लॅस्टिक तंबूसारखं ताणून बांधलेलं. चारी कोपऱ्यांना सुतळ्या, मधोमध उतार, उताराच्या टोकाला साडीच्या काठाचा एक लांब तुकडा खाली सोडलेला, म्हणजे पाणी ठिबकण्याचा आवाज न होता काठावरून गुपचूप बादलीत उतरावं. बादलीत अण्णांचा हिरवा. अजिबात काळपट न पडलेला. प्लॅस्टिकच्या वरचं छत आम्हाला दिसत होतं. तिथं प्लॅस्टर नावाला नव्हतं, नुसत्या गंजलेल्या सळया.

"हे कधीपासून?" पद्माक्कांनी विचारलं.

"तुम्ही राहायला आलात, त्यानंतर वर्षभरातच थोडं सुरू झालं. मग वाढत गेलं." मावशी जणू त्यांचीच काही चूक असल्यासारख्या बोलत होत्या. "पण वाया नाही जात. केळीला घालते. अण्णांच्या आंघोळीवर तर वाढली आहे ती."

"म्हणजे मागच्या महिन्यात तुम्ही मला जो घड दिला..." अण्णा म्हणाले.

"हो. गोड होता ना?"

दारातलं कुणीतरी फस्सकन हसलं. मग पद्माक्का हसल्या, मग मी. अण्णा मात्र हसले नाहीत. ते मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि त्या सळयांकडे बघत राहिले.

"मी वर एवढा आरडाओरडा करतोय. डाग बशीएवढा, डाग ताटाएवढा. आणि तुम्ही खाली गप्प? एकदा तरी बोलायचं की हो, मावशी!"

मावशींनी पदर सोडला, पुन्हा खोचला. मग म्हणाल्या, "एकदा बोलले होते. तुमच्या घरात तेव्हा इंदूमती होती. इंदू आणि मी, आमचं चहापाणी एक होतं. ती वरून टोपलीत भाजी सोडायची, मी खालून भाकरी पाठवायची. तेव्हा असंच पाणी आलं. मी म्हटलं, इंदू, बघ बाई जरा. ती म्हणाली, माझं नाही ते पाणी. एवढंच झालं. मग तिचा नवरा आणि माझा नवरा बोलायला लागले, मग मीटिंगा झाल्या, मग कुणीतरी पोलिसात जायचं काढलं. फरशी शेवटी त्यांनी दुरुस्त केली. मला अगदी कोरडं छत मिळालं. आणि पंधरवड्यात ती लोकं घर विकून हुबळीला गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

त्यांनी बादली उचलून बाजूला ठेवली.

"नंतर तुम्ही आलात. पद्माक्का पहिल्याच दिवशी विरजण मागायला खाली आल्या. मी ठरवलं, आता पाणी आलं तर येऊ दे."

पद्माक्कांनी मावशींचा हिरवा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अण्णा उठले, त्यांचं तोंड लाल झालं होतं, आणि ते वर निघून गेले. थोड्या वेळानं आम्हाला वरून बोळा काढल्याचा आवाज आला. नहाणीतून पाणी घळाघळा जात होतं.

माझा गुलाबी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. पद्माक्का हातात दुधाचं पातेलं घेऊन वर आल्या. दुधाला सुंदर गुलाबी छटा आली होती.

"घे. तुझं."

आता काय ऐकावं लागेल या तयारीनं मी खाली गेले. अण्णा गॅसपाशी उभे होते, छतावरचे गुलाबी ठिपके निरखत.

"निघाला का?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "बरं झालं बाई. मला एकट्याला लई कसंतरी वाटत होतं."

त्याच दिवशी त्यांनी बेळगावला पुन्हा फोन लावला. मी जिन्यात होते तरी प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "हेरवाडे, फरशी तुमची, नहाणी तुमची, भाडेकरणीनं काय ती घडवून आणलीया? ती कुठं जाणार नाही. तुम्ही गवंडी लावा, नाहीतर मी बेळगावला येऊन तुमच्या दारात बसतोय." हेरवाडे काय म्हणाले कुणास ठाऊक, पण सोमवारी गवंडी आला.

दोन्ही बाथरूम एकदमच फोडायचं ठरलं. जुन्या फरशीखालचा कोबा भुसभुशीत झाला होता, नहाणीचा सांधा कधीच सुटलेला होता. काम बरेच दिवस चालणार होतं. प्रश्न आला, आंघोळ करायची कुठं?

"माझ्याकडे," मावशी म्हणाल्या. "वरून काही येणारच नाही आता, मोरी मोकळी झाली."

ते दिवस मला अजून आठवतात ते आवाजांनी. वर छिन्नी-हातोड्याची ठकठक, खाली मावशींच्या घरात एवढी माणसं. सकाळी मावशींच्या दारात रांग लागायची. आधी मी, कारण माझी शाळा. माझ्यामागं खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी घेतलेले अण्णा. ते आत गेले की कन्नड भजन म्हणायचे, आणि भजन संपल्याशिवाय बाहेर यायचे नाहीत. पहिले दोन दिवस मावशी सोसत होत्या. तिसऱ्या दिवशी पद्माक्का दार वाजवून ओरडल्या, "अहो, एकच कडवं म्हणा की! मागं बाया खोळंबल्यात." मावशींना हसू आवरेना. त्यांचं हसू मोठ्यानं ऐकायची आमची ती पहिलीच वेळ. हसताना त्या तोंडावर पदर धरायच्या, आणि पदर धरूनही ते बाहेर यायचं.

पद्माक्कांचा स्वयंपाकही खालीच हलला. मी शाळेतून आले की मुलींच्या नकाशांचे गठ्ठे मावशींच्या कटिंगच्या टेबलावर तपासायचे. मावशी मशीन चालवत विचारायच्या, "हुबळी कुठं हो यात?" मी दाखवायचे. त्या बोटानं इचलकरंजीपासून तिथपर्यंत रेघ ओढायच्या. "एवढंच होय," म्हणायच्या.

काम संपलं तेव्हा गवंड्यानं दोन्ही बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवलं. अण्णा मावशींच्या मोरीत स्टूल टाकून, छताच्या नव्या पांढऱ्या प्लॅस्टरकडे बघत बसले. जेवायलाही उठले नाहीत. पद्माक्कांनी ताट तिथंच नेऊन दिलं. मधूनमधून ते वर हात लावून बघायचे आणि ओरडायचे, "कोरडं!" संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ते पाठ झालं होतं. वर माझ्या घरात मी ट्रंक रिकामी करून कपाटावर ठेवत होते, तिथंही ते ऐकू येत होतं.

मग आपापल्या घरी आंघोळी सुरू झाल्या. काही दिवस सकाळी मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अण्णा तर एकदा सवयीनं पंचा घेऊन खाली गेले आणि मावशींच्या दारातून परत आले.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी, पण मला त्यातली खरी आठवते ती उन्हाळ्यातली एक सकाळ. सुट्टी लागली होती. मी गॅलरीत केस वाळवत उभी होते. पद्माक्कांनी गोधड्या धुऊन त्यांच्या कठड्यावर टाकल्या होत्या, नीट न पिळता. आणि एकदम खालून आवाज आला. कुणाचा ते मला क्षणभर कळलंच नाही.

"ओ मगदूम! मगदूम!"

अण्णा कठड्याशी आले.

"पाणी गळतंय वरून! गिऱ्हाइकाच्या साड्या वाळत घातल्यात मी! डोळे आहेत का काय आहे? गोधड्या पिळायच्या कुणी, मी?"

म्हेत्रेमावशी परसात उभ्या होत्या. कमरेवर हात, मान वर, चेहरा तांबडालाल. आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं बाहेर आली. कुणाचाच विश्वास बसत नव्हता.

अण्णा कठड्यावर वाकून ऐकत राहिले, डोकं एका बाजूला कलवून, लांबून येणारं भजन ऐकावं तसे. मग मान वर करून त्यांनी मला शोधलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मी ते आधी बघितलं नव्हतं.

"ऐकलंत का मास्तरीणबाई?" ते म्हणाले. "मावशी भांडायला लागल्या!"

"अहो, दात काय काढताय? खाली या नि उचला त्या!" मावशींचा आवाज आणखी चढला.

"आलो, आलो!" अण्णा ओरडले, आणि चपला न घालताच जिन्याकडे धावले. त्यांच्यामागून पद्माक्का. मीही ओले केस तसेच बांधून निघाले. साड्या बऱ्याच होत्या, आणि पुन्हा पिळायला माणसं लागणार होती.